अंतर कोणी कापायचे?

भद्रावती तालुक्यातून किती तरी गोष्टी दूरवर जातात. माजरीच्या खाणींतला कोळसा रेल्वेने जातो. बरांजच्या खुल्या खाणीतला कोळसा कर्नाटकातील वीजकेंद्रांच्या वाट्याला आलेला आहे. देशाच्या पश्चिम आणि दक्षिण भागांतील वीजजाळी एकमेकांना जोडणारे १,००० मेगावॅट क्षमतेचे केंद्र भद्रावतीतच उभे आहे, आणि शेजारी चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र रात्रंदिवस धुमसत असते. मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून ताडोबाचा वाघ पाहायला देशोदेशींचे प्रवासी येतात. त्यांच्यासाठी रस्ते होतात आणि त्यांच्या मुक्कामाच्या जागी इंटरनेटही पोचते. बाहेर जाण्याच्या आणि बाहेरून येण्याच्या एवढ्या वाटा मोकळ्या असताना एकच गोष्ट वाटेत अडते. जंगलकाठच्या वीस-पंचवीस घरांच्या वस्तीत राहणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला शिकवणारा माणूस तेवढा तेथवर पोचत नाही. पोचला तर टिकत नाही.

या अडचणीवर आता एक सोपे उत्तर सुचवले जाऊ लागले आहे. माणूस पोचत नसेल तर धडा पोचवू या. दूरचित्रवाणीवरून, मोबाईलवरून, पाटीच्या आकाराच्या संगणकावरून उत्तमातले उत्तम शिक्षक थेट झोपडीत शिकवतील, आणि पाच-सात मुलांसाठी शाळा चालवण्याचा 'परवडत नाही' असा खर्चही वाचेल. दूरशिक्षण असे या उत्तराचे भारदस्त नाव आहे. आमचा यंत्राला विरोध नाही. रेडिओ, दूरदर्शन, मोबाईल ही सगळी साधने गरिबाच्या मुलाच्या हाती पडली पाहिजेत, आणि श्रीमंताच्या मुलाआधी पडली तर अधिक चांगले. आमचा आक्षेप या उत्तरात दडवलेल्या हिशेबाला आहे. शासन आणि मूल यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कोणी कापायचे, असा मूळ प्रश्न. आजवर ते कापण्याची जबाबदारी, निदान कागदावर तरी, शासनाची होती. दूरशिक्षणाच्या नावाखाली ती हळूच मुलाच्या आणि त्याच्या आईबापांच्या अंगावर ढकलली जात आहे.

आकाशातून शिक्षण उतरवण्याची कल्पना नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसवण्याचा 'साइट' नावाचा प्रचंड प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. शाळकरी मुलांसाठी सकाळचे कार्यक्रम होते, संध्याकाळी शेती-आरोग्याचे होते. पण या प्रयोगाचा एक भाग फारसा कोणाच्या स्मरणात राहिलेला नाही. सुट्टीच्या काळात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण त्याच संचांवरून दिले गेले. यंत्र शिक्षकाला बळ देण्यासाठी वापरले गेले, त्याची जागा घेण्यासाठी नव्हे. पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी अवकाशात गेला आणि शालेय दूरदर्शनच्या सहा राज्यांत महाराष्ट्रही आला. १९८४ मध्ये पुण्याला 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी तिचे कार्यक्रम पाहिले. त्यांतले कित्येक खरोखर सुंदर होते. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. सहा वर्षांनी तो निवृत्त झाला. बालचित्रवाणीचे काय झाले? आधी अनुदान आटले, मग कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ मध्ये शासनाने ती संस्था बंद केली. तीनच वर्षांनी महासाथ आली आणि घरात बसलेल्या मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम हवेत म्हणून सर्वत्र धावाधाव सुरू झाली. तहान लागल्यावर विहीर खणणारे लोक आपण ऐकले होते. असलेली विहीर बुजवून मग तहानेने व्याकूळ होणारे शासन महाराष्ट्राने पाहिले.

त्या महासाथीने दूरशिक्षणाची जी परीक्षा घेतली तशी एरवी कोणत्याही आयोगाला घेता आली नसती. मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. दीक्षा ॲपवरून दररोज अभ्यासमाला येऊ लागली, आणि जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. मालिका कल्पकतेने केलेली होती. ज्यांनी ती केली त्यांच्या श्रमांबद्दल आम्हाला आदर आहे. परंतु राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीने आधीच सांगून ठेवले होते की देशाच्या ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय आहे आणि संगणक तर साडेचार टक्क्यांतही नाही. 'असर'च्या सप्टेंबर २०२० च्या पाहणीत खेड्यांतील सुमारे ६२ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे दिसले, आणि हा आकडा पुढे करून पुष्कळांनी समाधान मानले. त्याच पाहणीत असेही दिसले होते की पाहणीच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक-तृतीयांश होती. फोन घरी असणे वेगळे आणि त्यातून शिक्षण येणे वेगळे.

शिवाय घरी फोन आहे म्हणजे काय? चंद्रपूर-गडचिरोलीत तो बापाच्या खिशात असतो आणि बाप मजुरीवर असतो. तीन भावंडांत तो एक असतो. त्याला टेकडीवर किंवा तळ्याच्या पाळीवर गेल्याशिवाय आवाज सापडत नाही, आणि जेथे बिबट-वाघाच्या भीतीने मोठी माणसेही दिवस मावळायच्या आत घरी परततात तेथे दहा वर्षांच्या पोरीने एकटीने 'रेंज' शोधत फिरावे, असे कोणती आई म्हणेल? फोनमध्ये पैसे भरायचे तर ते मजुरीतून. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते; तेथे रस्ता जेव्हा बंद असतो तेव्हाच बहुधा वीज आणि दूरध्वनीही बंद असतात. ज्या दिवशी दूरशिक्षणाची खरी गरज, नेमक्या त्याच दिवशी ते येत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, म्हणतात तो हाच प्रकार.

आणि मुले तरी घरी कोठे असतात? दरवर्षी जानेवारी उजाडला की या दोन जिल्ह्यांतून हजारो मजूर मिरची तोडायला तेलंगणात आणि आंध्रात जातात. मागे म्हातारी माणसे असली तर मूल गावात राहते, नसली तर मुलालाही बरोबर न्यावे लागते. ते परत येईतो मोहफुलांचा हंगाम संपत आलेला असतो आणि तेंदूपत्त्याचा सुरू होतो. पहाटेपासून सारे घर जंगलात. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत लहान भावंडांना सांभाळायला मोठी बहीण घरी थांबते. शासनाने स्थलांतरित मुलांसाठी 'शिक्षण हमी कार्ड' काढले. हे कार्ड दाखवले की दुसरीकडच्या शाळेत मुलाला बसता यावे अशी कल्पना. खम्मम जिल्ह्यातील तेलुगू शाळेत मूल ते कार्ड दाखवून काय शिकणार, याचा विचार कार्ड छापणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा असे असंख्य मजूर तेलंगणात अडकून पडले. इंद्रावतीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली एक बारा वर्षांची मुलगी एप्रिल २०२० मध्ये मिरचीच्या शेतावरून पायी घराकडे निघाली आणि तीन दिवस चालून घर जवळ आले असता वाटेतच मरण पावली. बारा वर्षांचे मूल सहाव्या-सातव्या इयत्तेत असते. देशभर 'घरी राहून शिका' असा उपदेश चालला होता तेव्हा ही मुलगी मजूर म्हणून परमुलखात होती, विद्यार्थी म्हणून कोणत्याच यादीत नसावी.

ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. म्हणजे २० महिन्यांहून अधिक काळ. पहिलीत नाव घातलेले मूल वर्गाचे तोंड न पाहता तिसरीच्या उंबरठ्यावर आले. तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण देशभरात २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ वर घसरले, असे पुढे 'असर'नेच दाखवले. आधीच चारांतले एक मूल वाचत होते, ते पाचांतले एक झाले. ही सरासरी आहे. तिच्यात ज्यांच्या घरी शिकलेले आईबाप होते ती मुलेही आहेत. शाळा उघडल्या तेव्हा दुसरे संकट उभे होते. एस. टी. कामगारांचा संप ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या कामगारांच्या मागण्यांना आमचा पाठिंबा होता आणि आहे. त्यांना सहा महिने ताटकळत ठेवणाऱ्यांनीच गावोगावच्या मुलींनाही ताटकळत ठेवले. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या उभ्या राहिल्या आणि आठवी-नववीच्या मुलींची शाळा उघडूनही बंदच राहिली. मोफत पास हातात आणि गाडी आगारात.

त्या काळात या भागात जे काही शिक्षण झाले ते कोणामुळे झाले? तर जे शिक्षक दुचाकीवरून, पायी, कोठे नाव ओलांडून वस्तीत गेले त्यांच्यामुळे. कोणी समाजमंदिराच्या ओट्यावर पाच-पाच मुले बसवली, कोणी गावातल्या बारावी झालेल्या मुलीला हाताशी धरून तिच्याकडे स्वाध्यायाचे कागद सोपवले. आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांतून घरी पाठवलेल्या मुलांसाठी 'अनलॉक लर्निंग' या नावाने जो उपक्रम केला त्यातही शिक्षकाने गावात जाणे हाच गाभा होता. (मराठी शाळेतल्या आदिवासी मुलासाठीच्या उपक्रमाला इंग्रजी नाव का लागते, हे मंत्रालयालाच ठाऊक.) म्हणजे दूरशिक्षण जेथे यशस्वी झाले असे सांगितले जाते तेथे नीट पाहिले तर ते दूरचे नव्हतेच. कोणीतरी जवळ गेले होते.

जवळ जाणारा तो माणूस मुलाची भाषा बोलणारा असावा लागतो, हे तर पुण्या-मुंबईत बसून कळणेच अवघड. गडचिरोली जिल्ह्यात भामरागड-एटापल्लीकडे माडिया बोलतात, धानोऱ्याकडे गोंडी. सिरोंचात घरोघरी तेलुगू आहे. कोरची-कुरखेड्याच्या अंगाला छत्तीसगडी चालते. चामोर्शी-मुलचेऱ्यात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली मातृभाषा आहे. उरलेल्या मोठ्या पट्ट्यात झाडीबोली. इतक्या भाषांच्या मुलांपुढे प्रमाण मराठीतला एकच धडा पडद्यावरून पुढे सरकत राहतो, आणि मुलाला पहिलेच वाक्य कळले नाही हे पडद्याला समजण्याचा काही मार्ग नाही. गावातला साधा, फारसा न शिकलेला सहायकही मुलाच्या डोळ्यांत पाहून तेच वाक्य गोंडीत पुन्हा सांगतो. हेमलकशाला १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ मध्ये तेथे शाळा निघाली, तेव्हा बाहेरून गेलेल्यांना आधी माडिया शिकावी लागली होती. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली, आणि शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. जो समाज आपल्या मुलांसाठी शाळा काढतो त्याला नोटीस, आणि शाळा काढू न शकणाऱ्याला मोबाईलवरचा धडा, अशी ही वाटणी आहे.

दूरशिक्षणाचे समर्थक परदेशांचा दाखला देतात, तेव्हा तोही तपासून पाहू. दुर्गम कुटुंबांतील मुलांच्या दूरशिक्षणाचा जगातला सर्वांत नावाजलेला प्रयोग ऑस्ट्रेलियातला आहे. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे, खेडोपाडी वैद्यकीय मदत नेणाऱ्या विमानसेवेच्या रेडिओ यंत्रणेवरून, 'आकाशवरची शाळा' सुरू झाली. शेकडो मैल पसरलेल्या पशुपालनाच्या मळ्यांवर एकेका कुटुंबातली मुले रेडिओसमोर बसून शिक्षिकेशी बोलू लागली. कल्पना विलक्षण होती यात शंका नाही. पण रेडिओवरचा पाठ दिवसातला थोडाच वेळ चाले. बाकीचा सारा दिवस टपालाने आलेला अभ्यास मूल करी तेव्हा त्याच्या शेजारी बसलेली असे त्याची आई, नाहीतर घरी ठेवलेली पगारी शिक्षिका. या व्यवस्थेचा कणा ती घरची बाई होती, रेडिओ नव्हे. पालकांनी १९७१ मध्ये आपली संघटना बांधली, सरकारशी भांडण मांडले, आणि १९७३ पासून अशा कुटुंबांना सरकारकडून शिक्षणासाठी भत्ता मिळू लागला. तेथेही मळ्यांवर राबणाऱ्या मूळनिवासी मजुरांची मुले दीर्घकाळ या व्यवस्थेच्या कडेलाच राहिली. ती मुख्यतः मळेवाल्या गोऱ्या कुटुंबांसाठी उभी राहिली होती.

हे चित्र आपल्याकडे आणून पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गडचिरोली जिल्ह्यात साक्षरता ७४ टक्के आणि स्त्रियांची ६६ टक्के आहे. दर तीन स्त्रियांत एक निरक्षर. आणि ही सरासरी देसाईगंज-आरमोरीच्या बाजारपेठा धरून आहे. दुर्गम पाड्यांवरील आईची स्थिती काय असेल हे सांगायला नको. ती आई दिवसभर धानात, तेंदूत, मोहात असते. तिने मुलाशेजारी बसून पडद्यावरचा गुणाकार समजावून द्यावा अशी अपेक्षा करणारे लोक आपल्या घरातली आई डोळ्यांपुढे ठेवून राज्याचे धोरण आखतात. ऑस्ट्रेलियाने निदान त्या आईची किंमत ओळखून भत्ता दिला. आपल्याकडे आईने शिक्षिका व्हावे, बापाने डेटा भरावा, मुलाने टेकडी चढावी, आणि शासनाने आकडेवारी प्रसिद्ध करावी.

आता यामागचे खरे कारण पाहू. राज्यातील कमी पटाच्या शाळा शासनाच्या डोळ्यांत खुपत आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत घालण्याचा निर्णय झाला. २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले. नंदुरबारचे तोरणमाळ आणि पुण्याचे पानशेत ही त्यासाठी आदर्श म्हणून पुढे करण्यात आली. अशा शाळा शासनाच्याच हिशेबाने १४,७८३ आणि त्यांतली मुले १ लाख ८५ हजारांवर. सरासरी एका शाळेत बारा-तेरा मुले. या शाळांतल्या पुष्कळ शाळा म्हणजे २००० नंतर निघालेल्या वस्तीशाळा. शाळा नसलेल्या वस्तीत, गावातल्याच शिकलेल्या तरुणाला तुटपुंज्या मानधनावर नेमून, कोणाच्या पडवीत, कोणाच्या मांडवात चालवलेल्या. त्या निमशिक्षकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले तेव्हा कोठे २०१४ मध्ये त्यांना शिक्षक म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्राने अंतर कापण्याचा जो एक प्रामाणिक प्रयत्न केला होता, त्याचाच पट मोजून आता तो तोट्याचा ठरवला जात आहे.

कमी पटाच्या शाळांविरुद्ध जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सात मुले चार इयत्तांत वाटलेली, शिक्षक एकच, आणि तोही महिन्यातले कित्येक दिवस माहिती भरण्यात, बैठकांत, निवडणुकीच्या कामात गुंतलेला, अशी शाळा मुलाला फार काही देत नाही. मुलाला सोबती लागतात, खेळायला गडी लागतो, आणि आपल्यापेक्षा चांगले वाचणारे दुसरे मूल दिसावे लागते. वस्तीतले पालकही हे ओळखतात, आणि थोडी ऐपत आली की मुलाला वरोऱ्याला, चंद्रपूरला धाडतात. पट आणखी घटतो. पण शाळा दुबळी आहे म्हणून ती बंद करावी, हा युक्तिवाद दवाखान्यात औषध नाही म्हणून दवाखाना मोडावा अशा जातीचा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक हवेत. दोन नेमा, दोघांनाही शाळेबाहेरच्या कामांतून सोडवा, आणि मग शाळा तोट्याची आहे की नाही ते बोलू.

मोठ्या शाळेत मुले न्यायची तर न्यायची कशी? भद्रावतीहून मोहर्लीकडे जाणाऱ्या भागात सकाळ-संध्याकाळच्या वेळी मुलांनी जंगलातल्या रस्त्याने चालावे, असे वनखातेही म्हणत नाही. वाघाच्या हल्ल्यात माणसे मेल्याची बातमी या जिल्ह्यात आता बातमीही राहिलेली नाही. गाडी देऊ म्हणावे, तर गाडीचे काय होते ते २०२१-२२ मध्ये दिसले. पुराच्या दिवसांत ते दरवर्षी दिसते. उरते वसतिगृह, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडून आश्रमशाळेत ठेवणे. आश्रमशाळांनी हजारो आदिवासी मुलांना शिकवले हे मान्य करूनही, तेथील मुलांच्या मृत्यूंची चौकशी करायला शासनाला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती, हे विसरता येत नाही. दहा-बारा वर्षांचे मूल वसतिगृहात रुळते. सहाव्या वर्षी आईची भाषा आणि आईची कूस दोन्ही एकदम तोडणे ही सोय कोणाची?

दूरशिक्षणाचे खरे स्थान कोठे आहे हेही सांगायला हवे. ज्या मुलीची सातवी-आठवीनंतर शाळा सुटली, पण जिला वाचता येते. मिरचीला जाणारा जो मुलगा नववीतून गळाला. गुरे राखत, भाऊबहिणी वाढवत ज्यांचे शाळेचे वय निघून गेले, त्यांना दहावीचा १७ नंबरचा फॉर्म, २०१७ मध्ये स्थापन झालेले राज्य मुक्त विद्यालय मंडळ आणि पुढे नाशिकचे मुक्त विद्यापीठ ही मोठी दारे आहेत. या दारांपर्यंत पोचायला आज तालुक्याला खेपा घालाव्या लागतात, अर्ज संगणकावर भरावा लागतो, आणि भरून देणारा दुकानदार त्याचे पैसे घेतो. दूरशिक्षणासाठी ज्यांना पैसा ओतायचा आहे त्यांनी तो येथे ओतावा. मोठ्या गावांतून अभ्यासकेंद्रे काढावीत, तेथे रात्री दिवा आणि पुस्तके ठेवावीत आणि प्रश्न विचारायला एक माणूस बसवावा. अक्षरओळख झालेल्या तरुणाला दूरचा धडा उपयोगी पडतो. अक्षरओळख करून देणे मात्र दुरून होत नाही, आणि सारा घोळ या दोन गोष्टी एका नावाखाली खपवण्यात आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, तेव्हा उच्चवर्गीयांच्या महाविद्यालयांवर खर्च होणारा पैसा रयतेच्या करांतून येतो याकडे त्यांनी बोट दाखवले होते. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याखालच्या राज्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे असे ठरवून दिले. मागणीपासून कायद्यापर्यंत यायला सव्वाशे वर्षे लागली. ती आता एका शासन निर्णयाने आणि एका ॲपने मागे फिरवू द्यायची नाहीत.

पैसा नाही ही सबब चंद्रपूर-गडचिरोलीत तरी चालणार नाही. खाणींच्या स्वामित्वधनावर आधारित जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी याच दोन जिल्ह्यांत जमा होतो. २०१५ मध्ये केंद्राने घालून दिलेल्या नियमांत त्यातला किमान साठ टक्के भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करण्याचे बंधन होते. तो कमानींवर, सुशोभीकरणावर आणि ठेकेदारांच्या बिलांवर जाऊ नये. वीसपेक्षा कमी पटाच्या प्रत्येक शाळेत कायम शिक्षकाच्या जोडीला मुलांची बोली जाणणारी, गावातलीच एक शिकलेली मुलगी किंवा मुलगा पूर्ण वेतनावर नेमण्यासाठी तो वापरला पाहिजे. मिरचीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवायचे, तर त्यालाही हाच पैसा आहे. दूरदर्शन संच आणि पाटीसंगणक त्या सहायकाच्या हाती द्यावेत. तो त्यांचे सोने करील.

तोवर एक काम गावांनी करायचे आहे. कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळा दुसरीकडे जोडण्याची सूचना आली की कागदावर सही मागितली जाते, आणि मुख्याध्यापकांच्या भिडेखातर ती दिली जाते. यंदा विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतील. त्याआधी १ मे च्या ग्रामसभेत प्रत्येक वस्तीने आपल्या शाळेतल्या आणि शाळेबाहेरच्या मुलांची नावे वाचून घ्यावीत, पुढची शाळा किती किलोमीटरवर आहे आणि मध्ये कोणता नाला, कोणते जंगल लागते ते ठरावात लिहावे, आणि शाळा बंद करण्यास किंवा तिच्याऐवजी पडदा स्वीकारण्यास संमती नाही असे नमूद करून ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पोचपावती घेऊन द्यावी. भद्रावती, वरोरा, चिमूर आणि मूल या तालुक्यांतील आमच्या कार्यकर्त्यांनी एप्रिल महिना या कामासाठी राखून ठेवावा.